दंड आणि उपचार: व्यसनाधीन गुन्हेगारांच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तीच्या हातून गुन्हा घडण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत किती अधिक असते, या प्रश्नाचे वारंवार उद्धृत होणारे उत्तर ट्रेव्हर बेनेट, केटी हॉलोवे आणि डेव्हिड फॅरिंग्टन या ब्रिटनमधील अभ्यासकांनी २००८ मध्ये तीस अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिले असून ते सुमारे २.८ ते ३.८ पट असे आहे. ही सरासरी सर्व पदार्थांना सारखी लागू होत नाही. क्रॅक म्हणजे ओढण्याजोग्या कोकेनच्या बाबतीत ती बरीच वर जाते, हेरॉइनच्या बाबतीतही ठळक राहते आणि गांजापाशी येईपर्यंत पुष्कळ खाली उतरते. व्यसनावर उपचार केले की गुन्हे आपोआप घटतील, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो आणि गेल्या शतकात अनेक सरकारांनी तो काढलाही आहे. तो कितपत टिकतो, कोणत्या उपचारांबाबत टिकतो आणि हे उपचार न्यायालय, तुरुंग व परिवीक्षा यांसारख्या यंत्रणांच्या हातून व्हावेत की नाही, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे. परिवीक्षा म्हणजे दोषी ठरलेल्या व्यक्तीला तुरुंगात न धाडता अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समाजात राहण्याची न्यायालयाने दिलेली मुभा.

चर्चेच्या आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पॉल गोल्डस्टीन या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ मध्ये व्यसन व हिंसा यांच्या संबंधाचे तीन प्रकार मांडले, ते आजही उपयोगी पडतात. पहिला प्रकार नशेच्या अंमलाखाली किंवा नशा न मिळाल्याच्या तडफडीत घडणाऱ्या कृत्यांचा, दुसरा नशेसाठी लागणारा पैसा मिळवण्याकरिता केलेल्या चोऱ्या-लुटींचा आणि तिसरा बेकायदा बाजारातील हद्दी, उधाऱ्या व सूड यांतून उद्भवणाऱ्या हिंसेचा. यांपैकी दुसऱ्या प्रकारावर उपचारांचा परिणाम होण्याची अपेक्षा सर्वांत रास्त आहे, पहिल्यावर ती काही अंशी आहे, तर तिसऱ्यावर एका रुग्णाच्या बरे होण्याने फारसा फरक पडत नाही, कारण ती हिंसा बाजाराची असते. यात चौथ्या प्रकाराची भर घालणे आवश्यक आहे: पदार्थ जवळ बाळगणे किंवा सेवन करणे हाच जिथे गुन्हा आहे, तिथे व्यसनाकडे परत वळण्याची प्रत्येक घटना कायद्याच्या भाषेत नवा गुन्हा ठरते. उपचारांमुळे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटले असे एखादा अहवाल सांगतो तेव्हा या चारांपैकी नेमके काय घटले, हे क्वचितच स्पष्ट केलेले असते.

पार्श्वभूमी: लेक्सिंग्टनपासून मायामीपर्यंत

या क्षेत्रातील प्रयोग आणि त्यांची मोजणी ही दोन्ही अमेरिकेत सर्वाधिक झाल्यामुळे आढाव्याचा मुख्य प्रवाह तिथूनच काढणे सोयीचे ठरते. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफू व कोकेन यांच्या व्यवहारावर नियंत्रण आणले आणि १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने केवळ व्यसन टिकवून धरण्यासाठी डॉक्टरने मॉर्फिन लिहून देणे हे वैद्यकीय औषधयोजनेत बसत नाही असे ठरवले. त्यामुळे कालपर्यंत दवाखान्यात जाणारा रुग्ण आरोपी बनला आणि संघीय तुरुंग अशा कैद्यांनी भरू लागले. या गर्दीवर तोडगा म्हणून १९२९ च्या पोर्टर कायद्याने दोन विशेष संस्था मंजूर केल्या. त्यांतील पहिली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये आणि दुसरी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९३८ मध्ये सुरू झाली. अर्धे रुग्णालय आणि अर्धा तुरुंग असे लेक्सिंग्टनचे रूप होते, तिथे शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण शेती व कारखान्यांत एकत्र काम करीत आणि त्यांच्यावर त्या काळातील उत्तम वैद्यकीय देखरेख असे. तरीही बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुन्हा व्यसनाकडे वळल्याचे पाठपुराव्याच्या अभ्यासांतून दिसले.

लेक्सिंग्टनच्या अपयशातूनच एक महत्त्वाचे निरीक्षण हाती आले. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी तिथे दाखल झालेल्या न्यूयॉर्कमधील शंभर रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेतला, तेव्हा नुसते रुग्णालयातील वास्तव्य किंवा नुसती अल्पकालीन कैद यांचा टिकाऊ परिणाम जवळपास दिसला नाही. ज्यांना कैदेनंतर किमान वर्षभर पॅरोलवर, म्हणजे अटींसह मिळालेल्या सुटकेवर, देखरेखीखाली राहावे लागले, त्यांच्यात मात्र व्यसनापासून दूर राहण्याचे प्रमाण लक्षणीय होते. सक्तीच्या समर्थकांनी हे निरीक्षण आपल्या बाजूचा पुरावा मानले. त्याचा दुसरा अर्थही लावता येतो आणि तो या आढाव्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे: फरक पडला तो भिंतीआडच्या काळाने पडला नाही, भिंतीबाहेर कोणीतरी सोबत होते म्हणून पडला. पुढील साठ वर्षांचे संशोधन निरनिराळ्या वाटांनी याच मुद्द्याशी परत येत राहिले आहे.

१९६० च्या दशकात तीन घडामोडी जवळपास एकाच वेळी झाल्या. कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये आणि संघराज्याने १९६६ मध्ये व्यसनी व्यक्तींना दिवाणी आदेशाने सक्तीच्या उपचारांत ठेवण्याची तरतूद केली. १९६२ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यसनी असणे या अवस्थेलाच गुन्हा ठरवणे घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा दिला, पण त्याच निकालपत्रात राज्याला सक्तीचे उपचार करता येतील असेही सुचवले. आणि १९६५ मध्ये व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वान्डर यांनी मेथाडोन या औषधाचे आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेथाडोन हे अफूच्याच गुणधर्माचे, परंतु तोंडाने घेण्याचे आणि दीर्घकाळ परिणाम टिकवणारे औषध असल्याने रोजच्या एका मात्रेत रुग्णाची तलफ आणि व्यसनी लोकांच्या बोलीत जिला ‘टर्की’ म्हणतात ती नशा तुटल्यानंतरची यातना, दोन्ही आटोक्यात राहतात.

त्यानंतरच्या दशकात उत्साह ओसरला. १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन यांनी कैद्यांच्या सुधारणेच्या कार्यक्रमांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचे ‘काहीच उपयोगी पडत नाही’ असे सार लोकांनी काढले. खुद्द मार्टिन्सन यांनी १९७९ मध्ये ते विधान बरेचसे मागे घेतले, पण तोवर धोरणाचे वारे फिरले होते. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकसाठी पाच वर्षांची किमान शिक्षा ठरवली. पुढच्या तीन वर्षांत फ्लोरिडातील मायामीची न्यायालये आणि तुरुंग अशा प्रकरणांनी इतके तुंबले की, १९८९ मध्ये तेथील न्यायाधीश व सरकारी वकील यांनी मिळून एक वेगळे न्यायालय उभारले. पुढे ज्यांना ‘ड्रग कोर्ट’ म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यांतील हे पहिले.

न्यायालयाच्या देखरेखीखालील उपचार

ड्रग कोर्टाची रीत नेहमीच्या फौजदारी न्यायालयापेक्षा पुष्कळ वेगळी आहे. पात्र ठरलेल्या आरोपीपुढे खटल्याऐवजी साधारण वर्षभराच्या उपचारांचा पर्याय ठेवला जातो; काही ठिकाणी गुन्हा कबूल करण्यापूर्वी, तर बहुतेक ठिकाणी कबुलीनंतर. मग दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला तो त्याच न्यायाधीशासमोर उभा राहतो, त्याच्या लघवीची अचानक तपासणी होत असते, प्रगतीबद्दल भर न्यायालयात कौतुक होते आणि चूक झाल्यास अधिक वारंवार हजेरीपासून काही दिवसांच्या कोठडीपर्यंत चढत्या क्रमाने शिक्षा होते. सुनावणीपूर्वी न्यायाधीश, सरकारी वकील, बचाव पक्षाचा वकील आणि उपचारक एकत्र बसून प्रत्येक प्रकरणाची चर्चा करतात. कार्यक्रम पूर्ण झाला की आरोप मागे घेतला जातो किंवा शिक्षा माफ होते. अमेरिकेत आज अशी तीन हजारांहून अधिक न्यायालये आहेत.

त्यांच्या परिणामांविषयी पुरावा विपुल आहे. ओजमार मिचेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १५४ मूल्यमापनांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा प्रौढांच्या ड्रग कोर्टांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याचे दिसले, तर अल्पवयीनांच्या न्यायालयांत हा परिणाम बराच क्षीण होता. बाल्टिमोरमध्ये २३५ जणांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करून झालेल्या प्रयोगाचा कौलही ड्रग कोर्टाच्या बाजूने लागला. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या २३ न्यायालयांच्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: ज्यांना न्यायाधीशाची वागणूक आदराची व न्याय्य वाटली, त्यांच्यात परिणाम अधिक चांगला होता. शिक्षेच्या धाकापेक्षा आपले ऐकून घेतले गेले ही जाणीव अधिक काम करीत असावी, असा याचा अर्थ होतो. तो खरा असेल तर कायद्याच्या इतर अनेक दालनांनीही त्याची दखल घ्यायला हवी.

या न्यायालयांवरचे आक्षेप तेवढेच गंभीर आहेत. पहिला निवडीचा आहे. हिंसेची पूर्वनोंद असलेल्यांना अनेक ठिकाणी प्रवेशच नसतो, त्यामुळे तसेही पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी असलेली माणसे आत येतात आणि यशाचा आकडा फुगतो. शिवाय साध्या गांजाच्या प्रकरणात ज्याला किरकोळ दंड झाला असता, तो वर्षभर न्यायालयाच्या देखरेखीत अडकतो. अभ्यासक याला जाळे रुंदावणे म्हणतात. दुसरा आक्षेप अपयशी ठरणाऱ्यांविषयी आहे: कबुली आधीच दिलेली असल्याने कार्यक्रमातून काढून टाकलेल्या माणसाला सुरुवातीलाच शिक्षा घेतली असती त्याहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागू शकतो. तिसरा आक्षेप वैद्यकीय असून तो सर्वांत जड आहे. कित्येक न्यायाधीशांनी मेथाडोन किंवा त्याच जातीचे ब्यूप्रेनॉर्फिन घेणे म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी नशा आणणे असे मानून ही औषधे बंद करण्याची अट घातली. ज्या औषधांच्या परिणामकारकतेचा पुरावा या क्षेत्रात सर्वांत भक्कम आहे, त्यांविषयीचा निर्णय डॉक्टरऐवजी न्यायासनावरून झाला. २०१५ पासून संघीय अनुदान हवे असलेल्या न्यायालयांना अशी बंदी घालता येत नाही. तरीही ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स’ या संघटनेच्या २०१७ च्या अहवालात या न्यायालयांत उपचार आणि न्याय दोन्ही अपुरे पडत असल्याची टीका होती.

समर्थकांचे उत्तर असे की, यांतील बरेचसे दोष अंमलबजावणीचे आहेत. डग्लस मार्लो यांच्यासारख्या या चळवळीतीलच संशोधकांनी ही न्यायालये सौम्य प्रकरणांसाठी वापरू नयेत, ज्यांचे व्यसन तीव्र आणि पुन्हा गुन्ह्याचा धोका मोठा आहे त्यांच्यासाठीच राखून ठेवावीत, असे सातत्याने सांगितले आणि २०१३ पासून प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मानकांत तसे नमूदही झाले. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण जिल्ह्याजिल्ह्यात निवडून येणारे सरकारी वकील धोकादायक वाटणाऱ्या आरोपीला दारात उभे करायला तयार होत नाहीत, ही अडचण मानके लिहून सुटलेली नाही.

देखरेखीच्या आणखी एका प्रयोगाची कथा इथे सांगणे आवश्यक आहे. हवाईतील न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी २००४ मध्ये परिवीक्षेवरील व्यक्तींसाठी साधा नियम केला: तपासणीत नशा आढळली की त्वरित व खात्रीने, पण अगदी थोड्या दिवसांची, कोठडी. २००९ च्या मूल्यमापनात परिणाम इतका उत्साहवर्धक निघाला की अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. मात्र आर्कान्सा, मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन आणि टेक्सास येथील चार ठिकाणी काटेकोरपणे केलेल्या पुनर्प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, तेव्हा नेहमीच्या परिवीक्षेपेक्षा फरक आढळला नाही. एका शहरातील एका तळमळीच्या न्यायाधीशाचे यश दुसरीकडे कितपत नेता येते, हा प्रश्न मायामीलाही तितकाच लागू आहे.

तुरुंगातील उपचार

तुरुंगाच्या आत दोन परंपरा वाढल्या आणि त्या दीर्घकाळ एकमेकींकडे संशयाने पाहत राहिल्या. पहिली उपचार-समुदायाची, जीत व्यसनी व्यक्ती वेगळ्या बराकीत महिनोन्महिने एकत्र राहतात, एकमेकांच्या वागणुकीचा जाब विचारतात, जबाबदाऱ्यांच्या पायऱ्या चढतात आणि पूर्वी व्यसनी असलेले लोकच बहुधा समुपदेशक असतात. कॅलिफोर्नियातील डोनोव्हन तुरुंगातल्या ‘अमिटी’ प्रकल्पाने या परंपरेला मोठी प्रतिष्ठा दिली. तिथे तुरुंगातील कार्यक्रम आणि सुटकेनंतरचा निवासी पाठपुरावा हे दोन्ही पूर्ण करणाऱ्यांपैकी तीन वर्षांत फक्त २७ टक्के लोक पुन्हा तुरुंगात गेले, तर इतर गटांत हे प्रमाण ७५ टक्के होते. या आकड्यांच्या बळावर कॅलिफोर्नियाने हजारो खाटांचे कार्यक्रम उभारले. परंतु दोन्ही टप्पे पूर्ण करणारे लोक मुळातच अधिक निग्रही असणार हे उघड आहे. जेव्हा अर्धवट सोडून गेलेल्यांसह सगळ्याच उपचारित कैद्यांची पाच वर्षांनी उपचार न मिळालेल्यांशी तुलना झाली, तेव्हा पुन्हा तुरुंगात जाण्याचे प्रमाण अनुक्रमे ७५.७ आणि ८३.४ टक्के निघाले. फरक उरला, पण तो २७ आणि ७५ मधला नव्हता. या क्षेत्रातला कोणताही आकडा वाचताना त्यात कोण मोजले गेले आणि कोण गळले, हे विचारण्याची सवय अमिटीच्या या दोन निष्कर्षांमुळे लागली.

दुसरी परंपरा औषधांची. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगांत १९८७ पासून मेथाडोन दिले जात आहे आणि सुटणाऱ्याला थेट शहरातील दवाखान्याशी जोडले जाते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये केट डोलन आणि सहकाऱ्यांनी ३८२ कैद्यांवर केलेल्या प्रयोगात तुरुंगातील हेरॉइनसेवन आणि सुया वाटून घेण्याचे प्रमाण दोन्ही घटले. बाल्टिमोरमधील टिमोथी किन्लॉक यांच्या गटाने सुटकेपूर्वी काय केले असता सुटकेनंतर माणूस उपचारात टिकतो, हे तपासले: ज्यांना केवळ समुपदेशन मिळाले ते वर्षभरात सरासरी २३ दिवस उपचारात राहिले, ज्यांना सुटताच मेथाडोन केंद्रात पाठवण्यात आले ते ९१ दिवस आणि ज्यांना तुरुंगातच औषध सुरू झाले होते ते १६६ दिवस.

आणि तरीही, पुन्हा गुन्हा घडण्याच्या कसोटीवर औषधांचा पुरावा डळमळीत आहे. तुरुंगातील औषधोपचारांच्या अभ्यासांचे २०१९ मध्ये झालेले एकत्रित विश्लेषण असे सांगते की, मेथाडोनमुळे सुटकेनंतर उपचारात टिकण्याचे प्रमाण वाढते, बेकायदा अफूजन्य पदार्थांचे सेवन आणि टोचून घेणे कमी होते, पण पुन्हा तुरुंगात जाण्याच्या प्रमाणात घट सिद्ध होत नाही. आढाव्याच्या विषयापुरते बोलायचे तर हा निकाल निराशाजनक म्हणावा लागेल. पण इथेच विषयाची चौकट अपुरी पडते. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांच्या नोंदींवरून इंग्रिड बिन्सवँगर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसामान्य रहिवाशांच्या जवळपास तेरापट होता आणि अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. कैदेत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस बाहेर येऊन जुनीच मात्रा घेतो, हे त्याचे कारण. इंग्लंडमधील २०१७ च्या अभ्यासात सुटतेवेळी औषध चालू असलेल्यांचा पहिल्या चार आठवड्यांतील मृत्युदर तीन-चतुर्थांशाने कमी आढळला, तर ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून सर्व कैद्यांसाठी मेथाडोन, ब्यूप्रेनॉर्फिन आणि नॅलट्रेक्सोन ही तिन्ही औषधे खुली केल्यावर नुकत्याच सुटलेल्यांचे अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले. यशाची एकमेव कसोटी पुनर्गुन्हा ठेवली, तर दोन आठवड्यांत मेलेला माणूस पुन्हा गुन्हा न करणाऱ्यांत जमा होतो. धोरणाच्या हिशेबात हा दोष किरकोळ नाही, आणि बहुतेक जुन्या मूल्यमापनांत त्याची नोंदही नाही.

सक्तीचा प्रश्न

न्यायव्यवस्थेतील प्रत्येक उपचारामागे थोडीफार सक्ती असतेच; मतभेद तिच्या मर्यादेविषयी आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, व्यसनात माणसाची इच्छाशक्तीच ग्रासलेली असल्याने बाहेरच्या दबावाशिवाय तो उपचारांपर्यंत पोचत नाही; उपचारात जितका अधिक काळ तितका परिणाम चांगला आणि कायद्याचा दबाव माणसाला टिकवून धरतो, असे डग्लस अँग्लिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी कॅलिफोर्नियाच्या अनुभवावरून मांडले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, तुरुंग किंवा उपचार यांतून केलेली निवड ही खरी संमती नव्हे, वैद्यकीय नाते विश्वासावर उभे असते आणि उपचारक जेव्हा न्यायाधीशाला अहवाल देतो तेव्हा रुग्ण त्याच्याशी खरे बोलत नाही.

या वादातील पुरावा दोन्ही बाजूंना पूर्ण आधार देत नाही. डॅन वर्ब आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निकष लावून निवडलेल्या नऊ अभ्यासांपैकी तीनमध्ये सक्तीच्या उपचारांचा परिणाम आढळला नाही, दोनमध्ये तो संदिग्ध होता, दोनमध्ये गुन्हे वाढलेले आणि दोनमध्ये घटलेले होते. अडचण अशी की, ‘सक्ती’ या एका शब्दाखाली मायामीतील न्यायालयीन पर्याय आणि आग्नेय आशियातील खटल्याविना डांबून ठेवणारी केंद्रे एकत्र मोजली जातात. त्या केंद्रांविषयी मात्र दुमत राहिलेले नाही. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी संयुक्त निवेदनाद्वारे ती बंद करण्याचे आवाहन केले. याउलट टोकाला पोर्तुगालने २००१ पासून वैयक्तिक वापरासाठी दहा दिवसांपर्यंतचा साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले आणि अशा व्यक्तीला समाजसेवक व वैद्यक-मानसशास्त्राचे जाणकार असलेल्या समितीपुढे नेण्याची पद्धत आणली, तर ओरेगॉनने २०२० मध्ये मतदानाने स्वीकारलेला तशाच दिशेचा मार्ग २०२४ मध्ये सोडून दिला. उपचारांची व्यवस्था आधी उभी होती की नंतर यावर या दोन अनुभवांतील फरकाचा मोठा भाग अवलंबून आहे, असे मानण्यास जागा आहे.

भारतातील स्थिती

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, व्यापारी आणि सेवन करणारा या दोघांनाही एकाच छत्राखाली आणले. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा पदार्थाच्या प्रमाणाशी जोडली गेली; हेरॉइनचे पाच ग्रॅमपर्यंतचे आणि गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते. सेवनासाठी कलम २७ खाली पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात उपचारांची दोन दारे आहेत, हे सर्वसाधारण वाचकाला सहसा ठाऊक नसते. कलम ३९ नुसार दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने, शिक्षा सुनावण्याऐवजी बंधपत्रावर व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी सोडता येते आणि वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल न्यायालयात सादर करावा लागतो. कलम ६४-अ त्याहून पुढे जाते: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल तर तिच्यावर खटलाच चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. कायद्याच्या अक्षरांत पाहिले तर ही तरतूद ड्रग कोर्टाहून उदार आहे, कारण तीत कबुलीची अट नाही.

व्यवहारातील चित्र वेगळे आहे. ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने २०१३ ते २०१५ या काळातील पंजाबमधील तेरा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली, तेव्हा न्यायालयामार्फत व्यसनमुक्ती उपचारांकडे पाठवलेला एकही आरोपी आढळला नाही. याच संस्थेने मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयांच्या २०१७ व २०१८ मधील नोंदींचा अभ्यास केला, त्यात सेवनाच्या आरोपाखालील अटकांमध्ये गांजाची प्रकरणे फार मोठ्या बहुसंख्येने होती. गांजासारख्या, गुन्ह्याशी तुलनेने सैल संबंध असलेल्या पदार्थाच्या सेवनापायी पोलीस आणि न्यायालये यांचा एवढा वेळ खर्च होत असेल, तर गर्दच्या, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइनच्या, आहारी गेलेल्या आणि त्यापायी चोऱ्या करणाऱ्या माणसाकडे पाहायला तो कुठून उरणार, हा प्रश्न इथे रास्त ठरतो.

कलम ६४-अ न वापरले जाण्याची कारणे अनेक आहेत. आरोपीला आणि कित्येकदा त्याच्या वकिलालाही ते माहीत नसते, गुन्हा कबूल करून दंड भरणे लवकर उरकते आणि न्यायालयातून रुग्णालयापर्यंत माणसाला नेणारा, तो तिथे टिकला का हे पाहणारा कर्मचारी अस्तित्वातच नसतो. त्यात २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदार्थाचे प्रमाण ठरवताना भेसळीसह पूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असा निर्णय दिला. बाजारातील गर्दमध्ये हेरॉइनचा अंश थोडा आणि भेसळ जास्त असल्याने काही दिवसांची बेगमी जवळ असलेला सेवनकर्ताही पाच ग्रॅमची मर्यादा ओलांडून ६४-अ च्या संरक्षणाबाहेर जाऊ शकतो. विक्रेत्यांना पळवाट मिळू नये हा निकालामागचा हेतू समजण्याजोगा आहे. व्यसनी आरोपींवर त्याचा काय परिणाम झाला, याचे मोजमाप होणे बाकी आहे.

उपचारांची गरज किती मोठी आहे, याचा अंदाज केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणातून येतो: देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थ घेतात आणि त्यांपैकी जवळपास ७७ लाखांना मदतीची गरज आहे. न्यायव्यवस्थेच्या अंगाने झालेले प्रयत्न तुरळक आहेत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्ली पोलिसांच्या पुढाकाराने ‘नवज्योती’ या संस्थेमार्फत पोलीस ठाण्यांच्या आवारात व्यसनमुक्ती केंद्रे चालवली गेली, तिहार तुरुंगात ब्यूप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले आणि पंजाबने २०१७ पासून उघडलेल्या बाह्यरुग्ण केंद्रांच्या जाळ्यात तुरुंगांचाही समावेश झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरले असून प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगात मानसिक आरोग्यसेवा असावी असे बंधन घातले आहे.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीची परंपरा न्यायालयाबाहेर वाढली. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली, त्या काळात अनिल अवचट यांच्या लेखनाने तिची दाहकता मराठी वाचकांपर्यंत पोचवली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने, पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तिथल्या पद्धतीत समुपदेशक बहुधा स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असतात, कुटुंबाला उपचारांत सामील केले जाते आणि गावोगावच्या पाठपुरावा गटांतून वर्षानुवर्षे संपर्क ठेवला जातो. व्हेलंट यांना लेक्सिंग्टनच्या नोंदींत जे सापडले, ते इथे आरंभापासून कामाचा भाग होते. भारतात रुग्णाला आणणारा हात बहुतेक वेळा आई, पत्नी किंवा भावाचा असतो, पोलिसाचा नसतो; कुटुंबाचा हा दबावही सक्तीच आहे, पण अमेरिकी साहित्यातील सक्तीच्या व्याख्यांत तो बसत नाही आणि त्याचा परिणाम स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे.

अनिर्णित बाबी

क्रिस्टल मेथ, मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’, कोकेन अशा उत्तेजक पदार्थांसाठी मेथाडोनसारखे मान्यताप्राप्त औषध नाही, आणि मुंबई-पुण्यातील आजच्या प्रकरणांत एमडीचा वाटा लक्षात घेता ही उणीव महाराष्ट्राला विशेष जाणवणारी आहे. स्वच्छ तपासणीबद्दल छोटी बक्षिसे देण्याच्या पद्धतीचा परिणाम या पदार्थांबाबत चांगला आढळतो, परंतु आरोपीला बक्षीस देण्याची कल्पना कोणत्याही देशातील करदात्याला सहज पटत नाही. स्त्रियांविषयीचा अभ्यास तुटपुंजा आहे. बहुतेक प्रयोग पुरुष कैद्यांवरच झाले. पुन्हा गुन्हा म्हणजे पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी की पुन्हा कैद, याविषयी एकवाक्यता नाही आणि एकाच कार्यक्रमाचे यश या निवडीनुसार कमी-अधिक दिसते.

भारतापुरता सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे. देशातील तुरुंगांत साधारण चारपैकी तीन जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आरोपी, आहेत. उपचार-समुदायाची रचना ठरावीक मुदतीची शिक्षा गृहीत धरते, सुटकेपूर्वी औषध सुरू करण्याची बाल्टिमोरची पद्धत सुटकेची तारीख गृहीत धरते. इथे जामीन दुपारी मंजूर होतो आणि संध्याकाळी माणूस फाटकाबाहेर असतो. या परिस्थितीला जवळचा नमुना रायकर्स आणि ऱ्होड आयलंड यांचाच आहे, कारण तिथेही खटल्याची वाट पाहणारे लोक मोठ्या संख्येने असतात आणि म्हणूनच औषध सुटकेपूर्वी न देता दाखल होतानाच सुरू करावे लागते आणि बाहेरच्या केंद्राचे नाव-पत्ता पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो. येरवडा, आर्थर रोड किंवा कोलवाळ येथील तुरुंगांत हे करायचे तर प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत व्यसनाची नोंद, तुरुंगातील आणि जिल्हा रुग्णालयातील औषधांचा समान साठा आणि जामिनाच्या आदेशाची तुरुंगाच्या दवाखान्याला त्याच दिवशी मिळणारी सूचना, एवढ्या तीन गोष्टी आधी लागतील. त्यांचा खर्च फार नाही. मात्र गृह, आरोग्य आणि सामाजिक न्याय या तीन खात्यांपैकी त्या कोणी करायच्या, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.